पौडच्या पुढचा उन्हाळी कॅम्प: दिवस चोख, रात्र कच्ची

मे महिन्यात माझी मुलगी आणि पुतण्या पौडच्या पुढे, कोळवण खोऱ्यातल्या एका साहस शिबिराला जाऊन आले. मुलगी आता नववीत गेली, पुतण्याने दहावीची परीक्षा दिली होती. सोमवारी सकाळी पुण्यात कर्वे पुतळ्याजवळून बस, शनिवारी संध्याकाळी परत तिथेच. फी माणशी साडेनऊ हजार, त्यात राहणं, जेवणखाण, टी-शर्ट सगळं आलं. कॅम्पचं नाव इथे लिहीत नाही. पुढे रात्रीचा जो प्रकार सांगणार आहे त्यात आणखी चार घरची मुलं आहेत, आणि त्या बॅचचे फोटो बऱ्याच जणांकडे गेलेले आहेत. तेरा ते सोळा वयाची मुलं कुठेही पाठवणार असाल तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते.

मी नर्स आहे, बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली आहेत. त्यामुळे झिपलाइन किती फुटांची आहे यापेक्षा रात्री दोन वाजता एखाद्या मुलाला दम लागला तर कोण उठणार, गाडी कुठे उभी असणार आणि चावी कुणाकडे असणार, हे मला आधी कळायला हवं असतं. पैसे भरायच्या आधी एका रविवारी आम्ही दोघं जाऊन जागा बघून आलो. आधी कळवलं नव्हतं, तरी त्यांनी सगळीकडे फिरू दिलं, स्वयंपाकघरात आणि संडास-बाथरूममध्येसुद्धा. पालकांनी आधी येऊन बघितलेलं ज्यांना चालत नाही, त्यांच्याकडे मूल पाठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त वेळ मी शेततळ्यापाशी उभी होते. या कॅम्पमध्ये पाण्यातले सगळे खेळ शेततळ्यात होतात. पिंप आणि बांबू बांधून मुलं तराफा तयार करतात आणि तो वल्हवत पलीकडे नेतात. शहरातल्या मुलांना शेततळं म्हणजे स्विमिंग टँकच वाटतो. पण त्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, काठ तिरका असतो आणि कागदावर शेवाळ धरलेलं असतं. आत पडलेला माणूस काठाशी येतो, हात टेकतो आणि घसरून परत पाण्यात जातो. पोहता येणारासुद्धा असा दमून बुडतो. दर उन्हाळ्यात पेपरात शेततळ्याच्या बातम्या येतात, आणि कितीतरी वेळा एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात.

इथे चारही बाजूंनी जाड दोर कागदावरून पाण्यात सोडलेले होते. हाताला पकड मिळावी म्हणून त्यांना हात-हात अंतरावर मोठ्या गाठी मारलेल्या. एका कोपऱ्यात लोखंडी शिडी पक्की बसवलेली, दोन ट्यूब आणि एक लांब बांबू कायम काठावर. भोवती तारेचं कुंपण आणि आत जायला एकच फाटक. मी एक दोर ओढून बघितला. वरचं टोक जमिनीत गाडलेल्या लोखंडी खुंटाला बांधलेलं होतं, जरासुद्धा हललं नाही. हा दोर लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

त्या रविवारी एका शाळेची मुलं आलेली होती, म्हणून प्रत्यक्ष खेळही बघायला मिळाला. लाइफ जॅकेट तीन मापांत होती. जॅकेटचे पट्टे आवळून झाले की तिथला दादा दोन्ही खांद्यांपाशी धरून ते वर ओढायचा. कानापर्यंत वर आलं की ‘हे नाही, लहान घे’. प्रत्येक मुलाला हे करत होता, रांग लांबली तरी घाई केली नाही. सैल जॅकेट पाण्यात पडल्यावर वर सरकतं, तोंड त्यातच अडकतं आणि हात मोकळे राहत नाहीत. ‘मला पोहता येतं’ म्हणणाऱ्यांनाही जॅकेट सक्तीचं होतं. आणि काठावर एक ताई नुसती उभी होती. हातात मोबाइल नाही, फोटो नाही, कुणाशी गप्पा नाहीत, पाण्यावर नजर आणि गळ्यात शिट्टी. मला हे फार आवडलं. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, त्याला ओरडायला श्वासच नसतो. शेजारच्या मुलांना वाटतं तो मजा करतोय. म्हणून बघणं हेच ज्याचं काम आहे असं एक माणूस हवंच. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्यातल्या एका कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. ती संध्याकाळ पुण्यातले आईवडील विसरलेले नाहीत, आणि ती सगळी लहान मुलं नव्हती, कॉलेजातली जाणती मुलं होती.

ऑफिसात त्यांनी मला कागद दाखवले. २०२१ मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ते प्रमाणपत्र भिंतीवर होतं. कड्याच्या खेळांना असणारे दोघे उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा कोर्स केलेले. कायम नोकरीतल्या सगळ्यांचे पोलिसांकडचे चारित्र्य पडताळणीचे दाखले एका फाइलमध्ये नीट लावलेले होते. मात्र मे महिन्यापुरते जे कॉलेजचे स्वयंसेवक येतात त्यांचे दाखले नव्हते. ‘ती आमच्याच कॅम्पची जुनी मुलं आहेत, मॅडम, आठवीपासून ओळखतो,’ असं उत्तर मिळालं. तेव्हाच मी ते वहीत लिहून ठेवलं आणि सांगितलं की ओळख असली तरी दाखला हवा.

मग मी कॅम्पच्या सरांना विचारलं, एखाद्या मुलीने किंवा मुलाने तुमच्याच एखाद्या दादाबद्दल तक्रार केली तर पहिल्या तासात काय करता? हा प्रश्न विचारायला पालक लाजतात. लाजू नका. पोक्सो कायदा २०१२ चा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. संस्थेने आतल्या आत मिटवायची त्यात सोयच नाही. सरांनी गडबडून न जाता उत्तर दिलं: त्या माणसाला मुलांपासून लगेच दूर करायचं, पालकांना फोन, पौड पोलिस ठाण्यात खबर, आणि मुलाला चारचौघांत पुन्हा पुन्हा विचारत बसायचं नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी आपणहून म्हटलं, तेव्हा मला धीर आला. मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसायचं नाही, हाही त्यांचा नियम आहे. प्रथमोपचाराच्या खोलीचं दार उघडं असतं आणि मुलींसाठी तिथे ताईच असते. बाथरूमच्या आतल्या कड्या मी स्वतः लावून बघितल्या, सगळ्या लागतात. मुलींच्या संडासात झाकणाचा डबा आणि फळीवर पॅड ठेवलेले होते, म्हणजे कुणाकडे मागायला जावं लागत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला याचं किती दडपण असतं हे आईलाच माहीत.

फॉर्मवर दोन ठिकाणी आमची चर्चा झाली. एक म्हणजे ‘कोणत्याही अपघातास संस्था जबाबदार राहणार नाही’ ही ओळ. ती जवळजवळ सगळ्याच कॅम्पच्या फॉर्मवर असते आणि पालक मुकाट सही करतात. निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला तर तो गुन्हा असतो, फॉर्मवरच्या ओळीने तो पुसला जात नाही, हे दोन्ही बाजूंना माहीत असलेलं बरं. त्या ओळीच्या बाजूला मी ‘योग्य काळजी घेऊनही झालेल्या’ असे शब्द घालून सही केली, त्यांनी हरकत घेतली नाही.

दुसरी गोष्ट पुतण्याच्या पंपाची. त्याला दमा आहे. कॅम्पचा नियम असा की सगळी औषधं ऑफिसात जमा करायची. फिटच्या गोळ्या, अॅलर्जीच्या गोळ्या, बाकी सगळ्याला हा नियम ठीक आहे, मुलं विसरतात किंवा एकमेकांना वाटतात. पण दम्याचा निळा पंप मुलाच्या खिशातच हवा. शेकोटीचा धूर, तंबूतली धूळ, चढाई, यातल्या कशानेही दम लागू शकतो, आणि त्या वेळी मूल ऑफिसपर्यंत चालत जाऊ शकत नाही. मी हे समजावून सांगितल्यावर त्यांनी मान्य केलं. एक पंप त्याच्याकडे, दुसरा पंप स्पेसरसकट (पंपाला जोडायची नळी) प्रथमोपचाराच्या पिशवीत, आणि ती पिशवी प्रत्येक खेळाच्या जागी बरोबर न्यायची. तिकोना गडाच्या चढावर त्याने दोनदा पंप घेतला, दादा शेजारी बसून राहिला, मग दोघं सावकाश मागून वर गेले. कुणी त्याला खाली थांबवून ठेवलं नाही की हसलं नाही, हे त्याने घरी आल्यावर सगळ्यात आधी सांगितलं.

तिकोना त्यांनी पहाटे केला. मे महिन्यात दुसरा इलाजच नाही. नऊच्या आत मुलं खाली उतरली होती. आदल्या रात्रीच बजावलं होतं की अंगाला सेंट, डिओ काही मारायचं नाही, गडावर आरडाओरडा आणि दगडफेक करायची नाही. कारण आग्या मोहोळ. गडाच्या कड्यांना उन्हाळ्यात पोळी असतात आणि वासाने, धुराने, दगडाने माश्या उठतात. उठल्या तर काय करायचं तेही शिकवलं होतं: डोकं-तोंड कपड्याने झाकायचं, हात झटकायचे नाहीत, कड्याच्या बाजूला पळायचं नाही. माझ्या मुलीने मला हे घरी करून दाखवलं, ओढणी डोक्यावरून घेऊन. म्हणजे नुसतं सांगितलं नव्हतं, करवून घेतलं होतं.

रॅपलिंग, व्हॅली क्रॉसिंग वगैरेबद्दल फार लिहीत नाही. हेल्मेट, दुहेरी दोर, प्रत्येक हार्नेस दोघांनी वेगवेगळा तपासणं, सगळं व्यवस्थित. जेवण साधं आणि चांगलं. पिठलं-भाकरी, आमटी-भात, एकदा आमरस. पाण्याचं मात्र मी खोदून विचारलं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली तेव्हा दूषित पाण्याने काय होतं ते आम्ही हॉस्पिटलवाल्यांनी जवळून पाहिलंय. इथे विहिरीचं पाणी गाळून, उकळून देतात आणि क्लोरीन तपासल्याची नोंद रोज वहीत असते. मी वही मागितली, लगेच मिळाली.

विजांची गोष्ट जरा सांगायलाच हवी. मंगळवारी दुपारी वळवाचा पाऊस आला. मुलं तेव्हा शेततळ्यावर होती, तराफे नुकतेच बांधून झाले होते. मुलगी सांगते, ऊन होतं, डोक्यावर ढग नव्हता, लांब डोंगरापलीकडे नुसतं गुरगुरलं आणि ताईने शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढलं. मुलं चिडली, कारण त्यांची पाळी आता येणार होती. सगळ्यांना पक्क्या इमारतीतल्या हॉलमध्ये नेलं, तंबूत किंवा झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण अर्धा तास बाहेर सोडलं नाही. दहा मिनिटांत वीज एवढी जवळ कडाडली की मुली ओरडल्या. सरांच्या फोनवर ‘दामिनी’ आहे, आपल्या पाषाणच्या मौसम विज्ञान संस्थेने केलेलं अॅप. आसपासच्या विजांची सूचना त्यावर येते, फुकट आहे, मराठीतही आहे. एप्रिल-मेमध्ये पुण्याभोवती मोकळ्यावर मुलं नेणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर ते असायला हवं. मुलांचा खेळ मोडून त्यांचा राग ओढवून घ्यायला मन घट्ट लागतं. त्या ताईने ते केलं म्हणून तिला मी वेगळा मेसेज पाठवला.

सापांबद्दलही ते जागरूक आहेत. सगळ्यांना खाटा, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. ही मच्छरदाणी डासांइतकीच मण्यारीसाठी असते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात येते, चावलेलं कित्येकदा कळतसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या जड होतात आणि घरचे समजतात की अपचन झालं. अशा मुलाला ओवा देत बसायचं नाही, गाडीत घालायचं. बांधायचं नाही, कापायचं नाही, हातपाय हलू न देता हॉस्पिटल गाठायचं. कॅम्पपासून पौडचं ग्रामीण रुग्णालय अर्ध्या तासाच्या आत आहे. बॅच सुरू होण्याआधी ते तिथे फोन करून सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे ना हे विचारून घेतात. कॅम्पची जीप तोंड रस्त्याकडे करून उभी असते, चावी ऑफिसातल्या खिळ्याला. १०८ चा नंबर तर आहेच, पण त्या खोऱ्यात अँब्युलन्सची वाट बघण्यापेक्षा स्वतःची गाडी निघालेली बरी.

इतकं सगळं असूनही बुधवारी रात्री जे झालं ते झालं.

मुलांचे तंबू एका ओळीत होते. रात्री त्यांच्यावर लक्ष ठेवायला दोन स्वयंसेवक, एकोणीस-वीस वर्षांचे, ओळीच्या टोकाच्या तंबूत. हेच दोघं पहाटे साडेचारला उठून तिकोन्याला गेलेले, दुपारी कड्यावर दोर धरून उभे राहिलेले, संध्याकाळी शेकोटीला नाच बसवणारे. साहजिकच रात्री मेल्यासारखे झोपले. एकच्या सुमाराला पाच मुलं टॉर्च घेऊन बाहेर पडली आणि शेततळ्याकडे गेली. कुंपण होतं, फाटक होतं, पण फाटकाला नुसती कडी. कुलूप नव्हतं. जॅकेटं खोलीत बंद, म्हणजे ती नाहीतच. पैज अशी लागली की अंधारात तराफ्यावर बसून पलीकडे जायचं. दोघं बसले, माझा पुतण्या काठावर दोर धरून उभा. परत येताना एक जण कागदावर उतरायला गेला, घसरला आणि मानेपर्यंत आत गेला. वर यायला गेला की घसरायचा. चौथा मुलगा त्याला हात द्यायला वाकणार, तेवढ्यात पुतण्याला आठवलं की सोमवारी दादाने शिकवलंय, हात द्यायचा नाही, दोर द्यायचा. त्याने त्या मुलाला टॉर्चने गाठींचा दोर दाखवला. तो धरून मुलगा गाठ-गाठ करत वर आला. गुडघे सोलले, बाकी काही नाही. पाचही जण परत तंबूत येऊन झोपले. सकाळी तंबूंच्या मागच्या दोरीवर ओल्या पँटी वाळत होत्या आणि कुणीही विचारलं नाही की रात्री कुणाची पँट कशाने भिजली.

हे मला पुतण्याने परत आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सांगितलं. ‘काकू, आईला सांगू नको ना.’ मी त्याला म्हटलं, तुझ्या आईला तूच सांग, मी शेजारी बसते. आणि त्याने सांगितलं. जाऊबाई रडल्या, मग त्याला जवळ घेऊन बसल्या.

या मुलांना धोका कळत नव्हता असं मी म्हणणार नाही. त्यांना शेततळ्याचा धोका दोन दिवस आधी तपशिलात शिकवला होता आणि तो त्यांना नीट समजला होता. यातला कुठलाही मुलगा एकटा असता तर रात्री एक वाजता तिकडे फिरकला नसता. पण पंधरा-सोळाव्या वर्षी चार मित्र बघत असले की कळलेलं सगळं बाजूला पडतं. आठ वर्षांचं मूल चुकून हरवतं, पंधरा वर्षांचं मूल ठरवून निघतं, आणि झोपलेल्या माणसाच्या अंगावरून निघतं. म्हणून मोठ्या मुलांच्या कॅम्पमध्ये सगळ्यात अनुभवी माणूस रात्री जागा हवा. इथे नेमकं उलटं होतं. कड्यावर उत्तरकाशीचा कोर्स केलेला माणूस, आणि रात्री बारा ते पाच, जेव्हा मुलांच्या डोक्यात काहीही येऊ शकतं, तेव्हा दिवसभर राबलेली कॉलेजची पोरं. ज्यांचे पोलिसांचे दाखले नव्हते तीच. त्या दोघांना मी दोष देत नाही, त्यांना झोपायचा हक्क होता. आमच्या वॉर्डात दिवसपाळी केलेल्या नर्सला त्याच रात्री ड्युटी लावत नाहीत, याचं कारण ती कामचुकार असते हे नसतं.

फोनचाही एक मुद्दा आहे. मुलांचे फोन पहिल्या दिवशी जमा करतात आणि शनिवारी देतात. मला हे पटतं, आणि मुलीलाही दोन दिवसांनंतर बरं वाटायला लागलं. पण घरी बोलायचं असेल तर ज्या दादा-ताईच्या गटात मूल आहे त्यांच्याकडेच फोन मागायचा, आणि त्यांच्यासमोर उभं राहून बोलायचं. त्या दादाबद्दलच काही सांगायचं असेल तर? एक साधा फोन जेवणघराबाहेर, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी हवा, कुणीही कारण न विचारता वापरता येईल असा. वर आई-वडिलांचे नंबर आणि १०९८ ठळक लिहिलेलं. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, कुठल्याही मुलाला थेट लावता येते, हे आपल्या मुलांना आपणसुद्धा सांगितलेलं नसतं.

फोटोंचं एक लगेच सुटलं. मंगळवारी संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शेततळ्यावरचे फोटो आले, त्यात पाण्यातून बाहेर आलेल्या मुलींचे जवळून काढलेले. ग्रुपवर शंभरेक अनोळखी माणसं. मी आणि आणखी एका आईने ऑफिसला फोन केला. सरांनी वाद न घालता फोटो काढून टाकले, ज्यांनी ते उतरवून घेतले असतील त्यांनी पुसावेत असं ग्रुपवर लिहिलं, आणि पुढे फक्त लांबचे, कोरड्या कपड्यांतले फोटो आले. इतकी तत्परता सगळीकडे नसते.

रात्रीच्या प्रकाराबद्दल आम्ही चार घरचे पालक मिळून सरांना भेटलो. त्यांना खरोखर माहीत नव्हतं. ऐकताना चेहरा उतरला, पण ‘मुलंच तसली’ असं एकदाही म्हणाले नाहीत, याची मी नोंद घेतली. मुलांची नावं कळली तरी कुणालाही पुढच्या बॅचला बंदी घालणार नाही असं त्यांनी सांगितलं. हे बरोबर केलं. शिक्षा झाली तर पुढच्या वेळी मुलं ओल्या पँटी जास्त लांब नेऊन वाळत घालतील आणि घरी येऊन काकूलासुद्धा सांगणार नाहीत. फाटकाला कुलूप त्याच आठवड्यात लागलं, मला फोटो आला. जॅकेटं खोलीत असताना तराफे पाण्याबाहेर ओढून साखळीने बांधायचं ठरलं. ही माझी सूचना नव्हती, त्यांनाच सुचली. रात्रीसाठी दोन पाळ्या, दिवसा काम न केलेले लोक, त्यातला एक तरी कायम नोकरीतला, बाहेर खुर्ची टाकून बसलेला, दर दोन तासांनी खाटा मोजून वहीत सही. स्वयंसेवकांचे दाखले मागवायचं त्यांनी कबूल केलं. न विचारता वापरायच्या फोनबद्दल मात्र अजून ‘बघू’ म्हणतात. मुलं दिवसभर फोनला चिकटतील अशी त्यांना भीती आहे. मला ती पटत नाही, साध्या बटणाच्या फोनला कोण चिकटतं?

तर माझं मत असं. शेततळं, कडा, वीज, साप, औषधं, पाणी, या सगळ्यात पुण्याभोवतालच्या मी बघितलेल्या कॅम्पांमध्ये हा सर्वांत नेटका. लहान मुलांच्या बॅचला डोळे मिटून पाठवा. तेरा-सोळाच्या बॅचला पाठवताना रात्री कोण जागं असणार त्यांची नावं विचारा, आणि तीच माणसं दिवसाच्या तक्त्यात नाहीत ना हे ताडून बघा. दिवाळीच्या बॅचला दोन्ही मुलांना परत जायचंय. जाऊबाईंनी हो म्हटलंय, मीही. रात्रपाळीचा तक्ता मात्र मी आधी मागितला आहे, तो आला की पैसे भरणार.